बाळू खरात आणि त्याचा बोलका भाऊ

कळंबोलीच्या नाक्यावर सकाळी मजूर उभे राहतात. ठेकेदाराची गाडी थांबते, काच खाली होते आणि आतून प्रश्न येतो, "काय काम येतं?" चटकन उत्तर देणारा गाडीत चढतो. बाळू खरातला चटकन उत्तर देता येत नसे. तो बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं, आणि ते सुटेपर्यंत गाडी दुसऱ्याला घेऊन निघून गेलेली असायची.

बाळू हिंगोलीकडचा, सेनगाव तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे. आपण कोयता धरायचा नाही, एवढं ठरवून तो गावातल्या एकाबरोबर पनवेलला आला होता. उंचापुरा, रुंद खांद्यांचा गडी. पण नाक्यावर खांदे कोण बघतो? तिथे आधी तोंड चालावं लागतं.

त्याच नाक्यावर रोज एक बुटका, काटकुळा बिहारी पोरगा उभा राहायचा. नाव इंद्रजीत महतो. त्याची अडचण नेमकी उलटी होती. बोलायचा भरपूर, पण अंगकाठी बघून ठेकेदार त्याला घेत नसत. एके सकाळी बाळू असाच "म... म..." करत उभा असताना इंद्रजीत मध्ये घुसला आणि गाडीतल्या माणसाला म्हणाला, "सेठ, ये बोलता नहीं, उठाता है. दो आदमी का काम अकेला करेगा. और मैं आधे का. दोनों को लोगे तो ढाई आदमी मिलेंगे."

ठेकेदाराला हसू आलं. त्याने दोघांना घेतलं. त्या दिवसापासून ते दोघं एकत्रच कामाला जाऊ लागले.

सुरुवातीला ते रोडपालीत सात जणांच्या खोलीत राहिले. मग उरणकडच्या जासईच्या एका कंटेनर यार्डात माल चढवण्या-उतरवण्याचं काम मिळालं आणि त्यांनी तिथेच चाळीत दोघांपुरती खोली घेतली. कंटेनरच्या आत शिरून गोणी लावायच्या, पेट्या उतरवायच्या. वैशाखात तो लोखंडी डबा असा तापायचा की आतून बाहेर आलेला माणूस उन्हालाच गार वारा म्हणायचा. बाळू जड माल उचलायचा. इंद्रजीत वर चढून थर नीट लावायचा आणि तोंडाने अखंड बडबड करत राहायचा.

इंद्रजीत मराठी बाळूकडूनच शिकला. बाळू एकेक शब्द सावकाश, सुटा सुटा बोलायचा, त्यामुळे शिकायला सोपं गेलं. पण त्यामुळे झालं असं की बिहारमधल्या नवाद्याचा हा पोरगा जासईत चक्क हिंगोलीची मराठी बोलायला लागला. जासई नाक्यावर मासे विकणाऱ्या जनीमावशीला त्याचं फार नवल वाटायचं. मावशी उरणजवळच्या मोरा बंदरातली कोळीण. पहाटे धक्क्यावरून माल घ्यायची आणि टेम्पोने नाक्यावर येऊन पाटी मांडायची.

"तू बिहारी ना रं? मंग ही कंची भाषा हाय तुझी?"

"हिंगोलीची हाय मावशी. मला मास्तर एकच भेटला, काय करू?"

मावशी पदर तोंडाला लावून हसायची. उरलेले बोंबील कधीकधी त्यांच्या पिशवीत टाकायची. बाळूने समुद्राचा मासा जन्मात खाल्ला नव्हता. पहिल्यांदा तो काट्याच्या भीतीने एकेक घास तपासत खात होता आणि इंद्रजीत त्याला चिडवत होता.

मग तो अपघात झाला. लाद्यांच्या पेट्यांनी भरलेला एक कंटेनर आला होता. प्रवासात आतले पट्टे सैल झालेले कुणाच्या लक्षात आलं नाही. दार उघडून इंद्रजीत आत शिरला आणि पेट्यांची एक रांग घसरली. त्याचा उजवा पाय खाली सापडला. वरची पेटीही कलत होती. बाळू आत धावला, पेटीला पाठ लावली आणि पाय रोवून उभा राहिला. माणसं जमून इंद्रजीतला बाहेर ओढेपर्यंत तो तसाच उभा होता. त्या पेटीच्या कडेचा काळानिळा वळ पुढे कितीतरी दिवस त्याच्या पाठीवर होता.

पनवेलच्या दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

आजवर असल्या प्रश्नांची उत्तरं इंद्रजीत द्यायचा. आता तो आत स्ट्रेचरवर होता.

"भ... भाऊ."

सिस्टरने दोन्ही आधार कार्डं बघितली. एकावर महतो, दुसऱ्यावर खरात. "सख्खे?"

बाळूच्या तोंडात शब्द अडकला. सिस्टर थांबली. तिला घाई होती, मागे रांग होती, तरी थांबली.

"ह... हौ."

तिने तसंच लिहून घेतलं.

पायात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, अजून एक ऑपरेशन लागेल, चालेल तो, पण ओझं उचलणं आता नाही. दोन-चार दिवसांनी यार्डातला मुकादम खोलीवर आला. इंद्रजीतचं गावचं तिकीट काढूनच आला होता.

"जाऊ दे त्याला घरी. आराम पडेल. इथे कोण बघणार त्याला?"

इंद्रजीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाळूने त्याच्याकडे बघितलं आणि मग स्वतःच बोलायला लागला.

"म... मी बघणार. त्याला क... काम करताना लागलंय. द... दवाखाना तुम्ही..."

"हां हां, कळलं, दवाखान्याचं आम्ही बघायचं म्हणतोस," मुकादम मध्येच म्हणाला.

बाळू थांबला आणि त्याने वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मुकादमाने पुन्हा ते पुरं करायचा प्रयत्न केला, बाळूने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. वाक्य शेवटाला गेलं तेव्हा त्यात एवढंच होतं की दुसरं ऑपरेशन ठेकेदाराने आपल्या खर्चाने करून द्यावं, आणि तोवर इंद्रजीत कुठेही जाणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या चाळीतलं कोणीच यार्डात गेलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग ऑपरेशन झालं.

पुढचे महिने कठीण गेले. बाळू सकाळी इंद्रजीतला पाठुंगळी घेऊन संडासला न्यायचा, भात-वरण करून ठेवायचा, मग कामावर जायचा. इंद्रजीत दिवसभर छताकडे बघत पडायचा. त्याची बडबड आटली. एकदा तो म्हणाला, "बाळू, काहून करतोस हे? जाऊ दे ना मला. मी आता कशाच्या कामाचा?"

बाळू तांदूळ धूत होता. त्याने हात थांबवले नाहीत. "तू ग... गप बसतोस. खोलीत कर... करमत नाही."

इंद्रजीतला रडू आलं, आणि रडता रडता हसूही.

त्यातून वाट काढली ती जनीमावशीने. तिचा मुलगा प्रणित बंदरात नोकरीला लागला होता आणि पाटीवर तिच्या हाताखाली कोणी नव्हतं. ती एका दुपारी थेट खोलीत येऊन बसली.

"पाय मोडलाय ना रं? तोंड तर नाय मोडलं? उद्यापासून माज्या पाटीवर बस."

"मावशी, मला मासे कापता येत नाही."

"आमी काय पोटातून शिकून आलो व्हय? शिकशील."

शेजारच्या पाटीवालीने कुरकुर केली, बाहेरचा माणूस आपल्या रांगेत कशाला म्हणून. मावशी म्हणाली, "माज्या पाटीमागं कोन बसंल ते मी बघीन." विषय तिथेच मिटला.

इंद्रजीत शिकला. बोटं कापून घेतली, पण शिकला. आणि त्याचं तोंड पुन्हा सुटलं. नव्या सोसायट्यांतल्या बायका गाडी थांबवून "काहून ताई, आज सुरमई नको का?" ऐकायच्या, हसायच्या आणि घेऊन जायच्या.

वर्षभराने इंद्रजीतची बायको शोभा, इतके दिवस गावीच राहिलेली, इकडे राहायला आली. बाळूने कुणाला न विचारता आपली वळकटी शेजारच्या खोलीत नेली. इंद्रजीत भांडला, रागाने जेवला नाही. शेवटी शोभानेच निकाल लावला. झोपा कुठेही, चूल एकच राहील. ती बाळूला जेठ, म्हणजे थोरला दीर मानते, त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, पण ताटात भात कमी घेतला तर रागावते.

परवाच्या रविवारी मावशीने तिघांना मोऱ्याला नेलं. बोटीवरून माल घेऊन झाल्यावर समोर मुंबईला, भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच लागलेली होती. शोभा म्हणाली, बसूया. इतकी वर्षं समुद्राशेजारी काढून दोघांपैकी एकही लाँचमध्ये बसला नव्हता. इंद्रजीत काठी टेकत, बाळूच्या खांद्याला धरून चढला. लाँच हलली तसा बाळूने बाकडं दोन्ही हातांनी घट्ट पकडलं आणि डोळे मिटून घेतले.

"भैया, डोळे तर उघडा," शोभा म्हणाली.

बाळूने एक डोळा उघडला. सगळीकडे पाणी होतं, उन्हात चमकणारं. मग त्याने दुसराही उघडला.