हणमंतमामा आणि आईचा राजा

सोनं हातात आलं की हणमंतमामा आधी डोळे मिटायचे. तळहातावर झुलवून वजन सांगायचे. "सोन्याला त्वांड नसतंय बाय, कस असतोय," हे त्यांचं ठरलेलं. परमुलखात तीस वर्षं गलाईची भट्टी चालवून, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करून देऊन, ते विट्याला परतले होते.

नात्याने ते आमचे कोणी नव्हेत, पण आई दर भाऊबीजेला त्यांना ओवाळायची. ताटात लोक अंगठी ठेवतात, आई तिचा राजा ठेवायची. फौजेत असलेल्या माझ्या वडिलांनी परदेशातून आणलेलं सोन्याचं स्मरणनाणं ते! एका बाजूला कुठल्याशा राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याचा मुकुट. आईने अंगठ्याने पुसून पुसून मुकुटाचं मधलं टोक पार गुळगुळीत केलं होतं. ती गेल्यावर मी तिथे अंगठा ठेवायची. बरं वाटायचं.

लेकीच्या लग्नात तेच तिच्या गळ्यात घालायचं ठरलं. आमच्या तासगावात सराफ काय कमी होते? पण मी गेले मामांकडे.

"मामा, नुसती कडी लावा. दुसरं काही नको."

"व्हय गं, मला काय सांगतीस?"

आठवड्याने त्यांनी माझ्या हातावर सोन्याची गोळी ठेवली. वाटाण्याएवढी, पिवळीधमक.

"तांबं व्हतं गं त्यात! नातीच्या गळ्यात हिणकस घालू व्हय? समदं काढलं. तांब्याच्या जागी माज्या पदरचं सोनं घातलंय. कर वजन!"

जन्मात पहिल्यांदा मी मामांना अरे-तुरे केलं. "चोरला असतास तर बरं झालं असतं! भांडता तरी आलं असतं. त्याच राजाने आईने तुला ओवाळलं, आणि तूच त्याला मुशीत घातलास?"

मामा गोळीकडेच बघत राहिले. "वजन तर पुरं हाय की गं," एवढंच म्हणाले.

मोबाईलमध्ये जगाचे फोटो, त्या मुकुटाचा एकही नाही. आईच्या मागे मामांना मीच ओवाळायची, पण त्यानंतरच्या दोन भाऊबीजा मी गेले नाही. यंदा मामा वारले आणि मामी त्यांचा कसोटीचा दगड घेऊन आल्या.

"ही रेघ तुज्या राजाची. वितळायच्या आदी कस लावला व्हता. तू भांडून गेलीस, तवापास्नं ह्या दगडावर दुसरं सोनं घासलं न्हाई त्यांनी."

भाऊबीजेला मी ताटात तो दगड ठेवला. पाट मांडला. पाटावर बसायला मामा नव्हते, आणि माझा राग अजून गेलेला नाही.