कॉटखालचा धडा

आमच्या भागातल्या मुलांसाठी पहिली वाचनपुस्तकं लिहिणाऱ्या बाईंचा परवा साताऱ्यात सत्कार झाला. मलाही आग्रहानं बोलावलं, कारण त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या धड्यातली 'शहाणी मुलगी' म्हणजे मी. साठी उलटली तरी लोक मला त्याच नावानं ओळखतात. शहाणपण मात्र काही चिकटलं नाही, नाहीतर मी गेलेच नसते.

बाई आम्हाला कोयनानगरला दुसरीत होत्या. तेव्हाच्या पुस्तकांत समुद्र आणि आगगाडी असायची. आमच्या वर्गात दोन्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून बाई दर शनिवारी आम्हाला घरचं काहीबाही सांगायला लावत आणि त्यातून धडे लिहीत. असं आमच्याकडे तोवर कुणी केलं नव्हतं. माझा तर त्यांच्यावर जीव होता. घरात बोलत नसे ते मी त्यांच्याजवळ बोले.

भूकंपाचे धक्के तिथं नित्याचेच. असाच एक मोठा बसला, तेव्हा आई धाकट्याला काखोटीला मारून बाहेर पळाली. मी बाबांच्या लष्करी लोखंडी कॉटखाली घुसले. भिंतीचा गिलावा पडत असताना आई परत आत आली आणि मला ओढून बाहेर काढलं. तिच्या कपाळाला खोक पडली. हे सगळं मी बाईंना सांगितलं, खोकेसकट.

धडा छापून आला. त्यात आई पळते, मुलगी कॉटखाली बसते आणि वाचते. एवढंच. मुलीचं नाव बदललं होतं, पण आख्ख्या कॉलनीत तसली कॉट आमच्याकडेच. नळावर बायका आईला म्हणायला लागल्या, "लेकीला टाकून पळालीस व्हय गं? पुस्तकात आलंय की!"

आईनं मला तो धडा वाचून दाखवायला लावला.

"म्या माघारी आले, ते लिवलं न्हाई व्हय?"

"न्हाई."

"मंग तू सांगितलंच न्हाईस."

मी रडून रडून सांगितलं. तिला ते पटलं की नाही, कधी कळलं नाही. पुढं जमीन हादरली की ती धाकट्याला सोडून आधी माझं मनगट धरायची, दुखेल इतकं घट्ट. गेल्या वर्षी ती वारली.

कार्यक्रम आटोपल्यावर मी बाईंच्या खुर्चीशी जाऊन बसले. नव्वदीतही आवाज खणखणीत.

"बाई, माझी आई परत आली होती. ते का काढलंत?"

त्या विसरल्या असतील, अशी मला वेडी आशा होती. त्यांना लख्ख आठवत होतं.

"आई येते म्हटलं की मुलं तिची वाट बघत उभी राहतात. मग कॉटखाली कोण जाणार? त्या धड्यानं किती मुलं वाचली असतील, विचार कर."

वाचली असतीलही. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग निदान आईला तसं सांगायचं होतंत. दोन घरं सोडून तर राहायचात."

बाई हसल्या. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "तिला कशाला गं? तिला कुठं वाचता येत होतं?"