रिकाम्या रकान्यातला बर्फ

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणी शिंकलं म्हणून दारात थबकणाऱ्या बायकोलाही मी हसतो. पण हे प्रकरण अजून पचलेलं नाही…

साल २००६. मी राहायला शांती नगरला, ऑफिस हाटकेशच्या एका गाळ्यात. आमचे एक क्लायंट होते, मासेमारी बोटींना बर्फ पुरवणारे शेठ. उत्तनपासून डहाणूपर्यंत त्यांचे डेपो. कुठल्या बोटीने, कुठल्या बंदरावर, कधी, किती बर्फ घेतला, याचा डेटा क्यूब मी बनवत होतो — म्हणजे हव्या त्या बाजूने फिरवून पाहता येणारा हिशोब.

सुरुवातीला मी माती खाल्ली. "बोट अपने ही बंदर से बर्फ लेती है," असं शेठ म्हणाले, म्हणून बोट आणि बंदर एकाच डायमेन्शनमध्ये, म्हणजे क्यूबच्या एकाच बाजूत कोंबलं. प्रत्यक्षात बोटी कुठेही बर्फ घेतात, त्यामुळे एकच बोट यादीत पाच ठिकाणी! रिपोर्ट रांगायला लागला. शेठ वैतागले, "अरे भाई, रिपोर्ट खुलने तक तो मेरा माल पिघल जाएगा!"

मग बोट वेगळी केली, बंदर वेगळं. क्यूब पळायला लागला. आता प्रत्येक बोटीपुढे प्रत्येक बंदराचा रकाना होता. जिथे ती बोट गेलीच नाही, तिथे अर्थात रिकामा.

बिलांची एन्ट्री करायला उत्तनच्या मार्थाताई यायच्या. त्या आठवड्यात वादळानंतर त्यांच्या नवऱ्याची बोट परतली नव्हती. वायरलेसला उत्तर नाही. सगळे दक्षिणेला, अलिबागच्या बाजूला शोधत होते; डहाणू पार उलट्या दिशेला. घरी बसवेना म्हणून ताई कामावर आल्या होत्या… त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी मी क्यूब नव्याने भरून तपासत होतो. त्यांच्याच बोटीपुढे, डहाणूच्या रकान्यात, त्या दिवसाच्याच तारखेला — बारा लाद्या बर्फ.

मूळ बिलं उघडली. असं बिलच नव्हतं. क्यूब पुसून पुन्हा भरला. पुन्हा बारा! डहाणूच्या डेपोला फोन केला, तर अशी बोट आलेलीच नव्हती. खरं सांगू? भीती नाही वाटली. हे आलं कुठून, याचंच कुतूहल डोकं पोखरत होतं.

ताई मागे येऊन उभ्या होत्या.

"डहाणूला आमची बोट कदी गेली न्हाय," त्या पुटपुटल्या.

"ताई, माझीच काहीतरी चूक असेल—"

"असूदे. पन दिसतंय ना तिथं?" त्यांनी लगेच दिराला फोन लावला. "अलिबाग सोड. डहाणूवाल्यांना बाहेर काढ."

दिराने तिथल्या ओळखीच्या बोटी पाठवल्या. संध्याकाळी फोन आला. डहाणूसमोर खोल पाण्यात बोट सापडली होती, इंजिन आणि वायरलेस दोन्ही बंद. माणसं सगळी जिवंत! ताई खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या, आणि मीही.

त्याच रात्री बोट ओढून डहाणू बंदरात आणली. पकडलेली मासळी वाचवायला त्यांनी तिथेच बर्फ घेतला. त्याचं बिल दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आलं. बारा लाद्या.

जुना डेटा मिसळला असेल, सर्व्हर बिघडला असेल… सीनियर्सनी बरीच कारणं सांगितली. एकही बसलं नाही.

पुढे नवरा समुद्रावर असला की ताई विचारायच्या, "बग ना भाऊ, कुटं काय उटलंय?"

मी बघायचो. सगळे रकाने रिकामे.

"न्हाय ना? मंग बरा हाय तो," म्हणत त्या निर्धास्त कामाला लागायच्या. मला मात्र त्या रिकाम्या रकान्यांनी कधी धीर आला नाही. त्या दुपारीही ते रिकामेच राहिले असते तर?