लपवून खाल्लेली जिलेबी

मला मधुमेह झाल्याचं कळलं त्या दिवसापासून नवऱ्यानं माझ्या ताटावर पहारा बसवला. वाईट माणूस नाही तो. त्याचे वडील याच आजारानं आधी पाय गमावून मग जीवानिशी गेले. ती भीती त्याच्या अंगात मुरलेली. मी भाताला हात घातला की लगेच, "बस ना यार, किती घेशील?" लग्नाच्या पंगतीत तर मोठ्यानं सांगायचा, "हिला गोड वाढू नका, हिला शुगर आहे." वाढणारी पुढे सरकायची आणि शेजारच्या बायका माझ्या कमरेकडे बघायच्या.

मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दिवसभर मुलांना अचूक मोजायला शिकवणारी मी, घरी स्वतःची साखर मोजायचं टाळू लागले. आकडा आला की उलटतपासणी येणार! यंत्र साड्यांच्या कपाटात टाकलं आणि वहीत मनाचे आकडे लिहू लागले. एकशे तीस, एकशे बेचाळीस. खरे वाटतील असे.

आणि चोरून खायला लागले. कॉलेज सुटलं की स्कूटर मल्हारगंजच्या गल्लीत वळवायची, हलवायाच्या कढईशेजारी उभ्या उभ्या पाव किलो जिलेबी संपवायची, बोटं पुसायची आणि घरी येऊन दुधीची भाजी निमूट गिळायची. चवीचं म्हणाल तर अर्ध्यातच जीभ विटायची. पण त्या दहा मिनिटांत मला हटकणारं कोणी नसायचं.

एका दुपारी मागून आवाज आला, "तू इथं?"

नवरा. शेव घ्यायला आला होता. मला वाटलं, आता ओरडेल. त्यानं हळूच एवढंच विचारलं, "आणि वहीतले आकडे?"

"खोटे आहेत," मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट भलताच वाढलेला. खोट्या वहीचंही मी सांगून टाकलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला नि मला विचारलं, "काय खाता ते मग बघू. घाबरता कुणाला?"

मला रडूच फुटलं. "याला."

"मला?" नवरा चकित झाला. "मी तर हिच्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यापासून लपवण्यातच हिची सगळी ताकद जाते. आजाराकडे कोण बघणार?"

घरी आल्यावर मी चहा केला आणि त्याच्यासमोर बसले. "आजपासून माझं ताट मी वाढून घेईन. आकडा खराच लिहीन, चारशे आला तरी. आणि लोकांसमोर माझ्या आजाराचं नाव तू काढायचं नाहीस."

"आणि मी काय करू? बघत बसू?"

"सकाळी माझ्याबरोबर चल फिरायला."

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "बाबांची जखम रोज मीच धुवायचो."

वीस वर्षांच्या संसारात हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. "मलाही भीती वाटते रे. पण तुझी भीती माझ्या ताटात वाढू नकोस."

दुसऱ्या दिवशीचा पहिला खरा आकडा दोनशे शहाऐंशी होता. तसाच लिहिला. फिरायला निघालो तर तिसऱ्या वळणावरच मला धाप लागली, आणि तो न बोलता थांबला. पुढे एका लग्नात त्याच्या तोंडून "हिला..." एवढं निघालंच, पण त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. मी अर्धा गुलाबजाम मागून घेतला, सगळ्यांसमोर खाल्ला आणि तेवढ्यावर थांबले.

साखर खाली यायला वर्ष लागलं, आणि इन्सुलिन तरीही लागलंच. ते मी स्टाफरूममध्ये डबा उघडण्याआधी टोचून घेते, दार न लावता. पहिल्या दिवशी एका सहकाऱ्यांनी घाईघाईनं मान फिरवली.

"सर," मी म्हटलं, "बघितलंत तरी चालेल."