शेवटच्या बाकावरची माझी जागा

चर्चमध्ये मी नेहमी शेवटच्या बाकावर बसतो, जिथे पंख्याचा वारासुद्धा पोचत नाही. प्रभू पहिला, मी शेवटचा, असं गेली कित्येक वर्षं मीच सगळ्यांना ऐकवत आलोय. आज उपासनेला पोचलो तर तिथे एक अनोळखी बाई बसलेली, शेजारी बाकावर तिचं झोपलेलं मूल. मी जवळ उभा राहून खाकरलो.

तिनं घाईघाईनं मुलाला उचललं. "तुमची जागा आहे का, दादा?"

"छे, छे! देवाच्या घरात कसली आलीय कुणाची जागा?" म्हणालो आणि तरातरा पुढे जाऊन बसलो.

मग तासभर माझं लक्ष मागेच. गीतं झाली, पाळकसाहेबांचा उपदेश झाला, पण एक शब्द डोक्यात शिरेल तर शपथ. स्वतःचाच संताप आला. मानाची खुर्ची सोडता येते हो, पण ती सोडल्याचा तोरा कुठे नेऊन टाकायचा?

शेवटच्या प्रार्थनेला गुडघे टेकले, डोळे मिटले. "प्रभू, मला नम्र कर," म्हणालो, अगदी मनापासून.

आणि आमेन म्हणायच्या आतच ठरवून टाकलं, पुढच्या रविवारी घरून जरा लवकर निघायचं.