पंच कानात काय सांगतो?

तिकीट लावून दाखवायच्या नाटकी कुस्त्यांत पंचगिरी करण्यात आजोबांची उभी हयात गेली, पण त्यांचा चेहरा कुणाच्या लक्षात राहिला नाही. सगळ्यांचे डोळे पैलवानांवर! म्हणूनच नातीच्या हातातल्या छोट्या व्हिडिओ गेममध्ये कुस्ती रंगली, तेव्हा आजोबा पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या पंचाकडेच टक लावून बसले. तो पंच पडलेल्या पैलवानावर वाकला मात्र, आजोबांनी गेम हिसकावून थेट कानाला लावला.

"आजोबा, तो फोन नाहीये!"

"गप गं. हा त्याच्या कानात काय सांगतोय?"

"काही नाही. एक, दोन, तीन मोजतोय. तोवर उठला नाही तर हरला."

"ते लोकांसाठी!" आजोबा चिडलेच. "त्याला काही विचारतो की नाही? मी वाकलो की ओठ न हलवता विचारायचो, लागलं का रे?"

नातीने त्यांच्या हातातला गेम घेऊन बाजूला ठेवला. "आणि लागलंय म्हणाला तर?"

"तर घाईघाईने तीन मोजून कुस्ती संपवून टाकायचो. लोक बोंबलायचे, पंच विकला गेला! म्हटलं, बोंबला."