जनीचा फ्रीजर

चिठ्ठी उलगडली तेव्हा तिच्यावर जनीचं नाव होतं. जनी, नवापूर. सुनेच्या अक्षरात, स्वच्छ. जनी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. आणि मी वाचलं — सुनंदा, नाशिक.

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. मुलापुढे नाही, सुनेपुढे नाही, देवापुढेही मोठ्याने नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे का? असेल तसंही.

जनी कोण, ते आधी सांगायला हवं. आमच्या नवापूरहून बोईसरच्या बाजारात जाऊन आम्ही दोघींनी शेजारी बसून मासळी विकली, उमेदीची सगळी वर्षं. मग माझे गुडघे गेले, मी घरी बसले. जनीला घरी बसून चालणार नव्हतं. नवरा वारला, मुलगा नाही, एकच लेक, ती माकुणसारला दिलेली. जनी विकत राहिली. संध्याकाळी उरलेली मासळी ती आमच्या फ्रीजरमध्ये ठेवायला आणायची आणि सकाळी न्यायला यायची.

"काय गो, मेलीस काय? दार उघड!" असं रस्त्यावरूनच ओरडायची.

मासळी ठेवायला कितीसा वेळ लागतो? पण ती बसायची. चहा घ्यायची. बाजारात कोण कुणाशी भांडलं, कुणी शिळी सुरमई ताजी म्हणून खपवली, कारखान्यातले कामगार हिंदीत भाव कसा पाडतात आणि ती त्यांना आपल्या बोलीत कशी सुनावते — सगळं सांगायची. मी हसायची. दिवसात तेवढंच हसायची.

घरात माणसं नाहीत असं नाही. मुलगा तारापूरला कारखान्यात पाळीवर जातो, आला की झोपतो. सून सुक्या मासळीचा धंदा करते. बोंबील, जवळा, सोडे पाकिटांत भरते. तिची वेबसाइट आहे, लांबलांबून लोक मागवतात. मेहनती बाई आहे, माझ्याशी कधी वाईट वागली नाही. पण तिचं बोलणं दिवसभर फोनशी. माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं.

तर सुनेने त्या वेबसाइटवर बक्षीस ठेवलं. फ्रीजर, पेटीसारखा, लहानसा. आधी तिच्या मनात होतं, जो माल घेईल त्याचीच चिठ्ठी टाकायची. मग पालघरला वकिलाकडे जाऊन आली, ते बरं केलं. वकील म्हणाले, पैसे घेऊन चिठ्ठी टाकू दिलीत तर ती लॉटरी झाली, परवान्याशिवाय लॉटरी म्हणजे गुन्हा. खरेदीची अट काढा. फार महाग वस्तू ठेवू नका, कराचं लचांड मागे लागतं. नोंदणी कधी बंद होणार, नाव कसं काढणार, हे आधीच लिहा. घरची माणसं आणि कामाला असलेली माणसं चालणार नाहीत, तेही लिहा. जिंकणाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय लावू नका. आणि चिठ्ठी काढताना घराबाहेरची दोन माणसं साक्षीला ठेवा — त्यांनी चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली पाहिजे.

हे सगळं सुनेने जेवताना आम्हाला सांगितलं. मला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

जनीने शेजारच्या मुलीकडून आपलं नाव भरून घेतलं. सुनेने वकिलाला फोन करून विचारलंसुद्धा, शेजारीण आहे, आमच्याकडे मासळी ठेवते, चालेल का? चालेल म्हणाले. नात्यातली नाही, नोकर नाही.

तिला तो फ्रीजर कशाला हवा होता, तेही मला ठाऊक होतं. लेक मागे लागली होती, आता पुरे झालं, माकुणसारला ये. जावयाच्या दारी जाऊन राहायचं जनीला नको होतं. घरात फ्रीजर आला तर टोपली घेऊन माझ्याकडे दोन खेपा नकोत, पाय दुखतील त्या दिवशी बाजार नको, घरच्या ओट्यावर बसून विकता येईल.

"माजा फ्रीजर येऊ दे, मंग जावयच येल माज्या दारात मासली मागायला," म्हणायची.

आता चिठ्ठी कुणी काढायची? सून म्हणाली, कॉम्प्युटरवर काढू. मुलगा म्हणाला, आई काढेल. का, तर आमच्याकडे मासळीचे वाटे तसेच घालतात. सारखे ढीग करायचे. एकाने ढिगांकडे पाठ फिरवून उभं राहायचं. दुसरा एकेका ढिगाला हात लावून विचारतो, हा कुणाचा? पाठ फिरवलेला माणूस नाव घेतो. घेतलं की संपलं. वाटा लहान येवो की मोठा, त्याला उलट कुणी विचारत नाही. आमच्या घरच्या वाट्यांना नेहमी मलाच उभं करायचे. मी खोटं करत नाही म्हणून.

तशीच मी चिठ्ठ्यांच्या टोपलीकडे पाठ फिरवून उभी राहिले. हात मागे घालून चिठ्ठी काढली. सून मोबाइल धरून होती, त्यावर लोक बघत होते. साक्षीला गावातलीच दोन माणसं. पाठ फिरवलेल्या बाईच्या हातातली चिठ्ठी मागून घेऊन बघायची — त्यांच्या जिवावर आलं असतं ते. ती दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सूनही घाईत चिठ्ठी बघायला विसरली.

जनीला वाचता येत नाही. मी चौथी शिकले.

तिचं नाव वाचून माझ्या मनात काय आलं? ही उद्यापासून येणार नाही. एवढंच. तिच्यावर राग नव्हता. सुनंदा हे माझ्या वारलेल्या बहिणीचं नाव, दुपारी चिठ्ठ्यांच्या घड्या घालताना ती चिठ्ठी ध्यानात राहिली होती. तेच तोंडातून निघालं. हातातली चिठ्ठी टोपलीत परत टाकली. टोपली मीच चुलीत रिकामी केली.

जनी काय म्हणाली असेल? "नाशकात कुठली गो मासली? ती त्यात द्राक्षं ठेवल!" सगळे हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू तरी काय करशील? तू पाठ फिरवलेली बाय."

मग तिने उरलेले बोंबील आमच्या फ्रीजरमध्ये ठेवले आणि चहाला बसली. मी चहा केला. दोघींनी घेतला.

चष्मा नव्हता, चुकून वाचलं — एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, फ्रीजर टेम्पोत चढेपर्यंत कधीही. कुणी मला दोष दिला नसता. मी ते म्हटलं नाही. नाशिकच्या बाईने फोटो पाठवला, लावा म्हणाली. फ्रीजरशेजारी नातवंडं, हातात आइस्क्रीम. सुनेने मला दाखवला. मी म्हटलं, छान आहे.

जनी येत राहिली. मला हवं होतं ते मिळालं, आणि मी ते घेतलं. तिच्या गोष्टींना पहिल्यासारखी हसले — हे सांगायला मला सगळ्यात जड जातं. तिचे पाय सुजायला लागले. टोपली उतरवताना तिला भिंत धरावी लागायची. मी ते बघायची आणि म्हणायची, बस गो, जायची घाई काय आहे?

मग तिच्याने होईना. पावसाळा सरून बोटी पुन्हा दर्यात गेल्या तेव्हा जनी बाजारात गेली नाही. लेक टेम्पो घेऊन आली. जनी टेम्पोत बसेपर्यंत थट्टा करत होती, "जावयाला सांगते, बोंबलाला भाव काय ते माज्याकडना शिक." बसल्यावर मान खाली घातली. तसं तिला मी कधी बघितलं नव्हतं.

फ्रीजर असता तर ती राहिली असती का? कुणास ठाऊक, असं म्हणून मला सुटता येईल. पण तिला राहायचं होतं आणि कसं राहायचं ते तिने ठरवलं होतं. मला ते माहीत होतं.

जनी माकुणसारला जावयाच्या घरी मागच्या खोलीत असते. तिला अजून वाटतं, तिचं नशीब खोटं. बक्षीस तिला लागलं होतं. ते तिला मिळू न देणारी बाई मी.